घरचा ज्यूकबॉक्स: यंत्र सोपं, गाणी लावणं अवघड

गूगल प्ले म्युझिक डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. गाना या ॲपने २०२२ मध्ये फुकट ऐकणं थांबवलं. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार संपला आणि लोकांच्या याद्यांमधली कितीतरी गाणी अचानक करडी पडली. नाव दिसतंय, पण दाबलं तर वाजत नाही. २०२४ मध्ये एअरटेलचं विंक गेलं. दर वेळी तोच प्रश्न ऐकू येतो: एवढी वर्षं जमवलेली माझी यादी गेली कुठे?

यादी तुमची होती, गाणी तुमची नव्हती. दर महिन्याला आपण भरतो ते पैसे ऐकू देण्याचे असतात, गाण्याचे नसतात. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. अटींमध्ये ते लिहिलेलं असतं, आपण 'मान्य' दाबून पुढे जातो इतकंच.

दुसरीकडे कितीतरी घरांत माळ्यावर सीडींचा खोका असतो, कॅसेटींनी भरलेली पिशवी असते, आणि कुठल्यातरी जुन्या हार्ड डिस्कवर 'न्यू साँग्ज २' नावाचा फोल्डर असतो. ती गाणी कुणी करडी करू शकत नाही. ती नीट लावून, घरातल्या चांगल्या स्पीकरवर, हातातल्या फोनवरून निवडून वाजवण्याची सोय म्हणजे घरचा डिजिटल ज्यूकबॉक्स. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो. आणि ते फुकट मिळतं. यंत्र उभं करायला एक संध्याकाळ पुरते. गाणी लावायला महिने लागतात, आणि बहुतेक लोक हात टेकतात ते तिथेच. म्हणून या लेखात यंत्राचं थोडक्यात उरकून गाण्यांच्या नावा-गावाबद्दल जास्त बोलणार आहे.

## ज्यूकबॉक्सचे तीन भाग

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत एके काळी ज्यूकबॉक्स असायचा. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, आणि चहा येईपर्यंत आपलं गाणं लागायचं. त्या पेटीत तीन गोष्टी एकत्र होत्या: तबकड्यांचा साठा, तबकडी वाजवणारी यंत्रणा आणि निवडायची बटणं. घरच्या ज्यूकबॉक्समध्येही हेच तीन भाग असतात, फक्त एका पेटीत नसतात. साठा हार्ड डिस्कवर, वाजवणारा छोटा कॉम्प्युटर ॲम्प्लिफायरच्या शेजारी, आणि बटणं प्रत्येकाच्या फोनवर.

त्या छोट्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम सतत चालू असतो आणि कुणी काही सांगतंय का याची वाट बघत बसतो. त्याला सर्व्हर म्हणायचं. त्याला 'हे लाव', 'पुढचं', 'आवाज कमी' असं सांगणारं फोनवरचं ॲप म्हणजे क्लायंट. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं समजतं.

## पण फोन ब्लूटूथने जोडतोच की आपण!

जोडावा, चांगलंच आहे. फक्त तिथे गाणं फोनमध्ये वाजत असतं आणि स्पीकर ते ऐकवत असतो. फोन आला की गाणं थांबतं. फोन खिशात घालून भाजी आणायला गेलात की गाणंही तुमच्याबरोबर निघालं. व्हॉट्सॲपवर कुणी 'शुभ सकाळ' पाठवली की अख्ख्या हॉलमध्ये टिंग वाजतं. आणि पाहुणे जमले की 'आता माझा फोन जोडू दे' सुरू होतं.

ज्यूकबॉक्समध्ये फोन फक्त निरोप देतो. निरोप देऊन फोनची बॅटरी संपली तरी गाणं चालू राहतं. घरातल्या चौघांच्या फोनवर एकच रांग दिसते आणि कोणीही तिच्यात गाणं घालू शकतं. मुलगा आईचे अभंग खाली ढकलून स्वतःची गाणी वर आणू शकतो, हेही खरं. त्यावर अजून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उपाय निघालेला नाही.

## सॉफ्टवेअर कुठलं?

पर्याय डझनभर आहेत, पण सुरुवात करणाऱ्याला तीन नावं पुरतात.

एका खोलीत एकच सिस्टिम असेल तर एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डेमन. २००३ पासून चालत आलेलं, इतकं हलकं की दहा वर्षं जुन्या मशीनलाही त्याचं ओझं होत नाही. त्याला स्वतःचा चेहराच नाही. स्क्रीन, बटणं, चित्रं काही नाही. ते फक्त गाणी वाजवतं आणि फोनवर आपल्याला आवडेल तो क्लायंट घ्यायचा. अँड्रॉइडवर मॅल्प नावाचं साधं ॲप त्यासाठी छान आहे.

दोन-तीन खोल्यांत एकाच वेळी, एका तालात गाणं वाजायला हवं असेल तर लिरियन म्युझिक सर्व्हर. आणि घराबाहेर, गाडीत, परगावी स्वतःचीच गाणी ऐकायची असतील तर नॅव्हिड्रोम. त्यात गाणं घरच्या स्पीकरवर न वाजता तुमच्या फोनवर वाजतं, म्हणजे ते स्वतःपुरतं स्पॉटिफायच म्हणा ना. एमपीडी आणि नॅव्हिड्रोम एकाच मशीनवर, एकाच फोल्डरवर गुण्यागोविंदाने नांदतात, त्यामुळे हे किंवा ते असा प्रश्न नाही.

लिनक्सचं, म्हणजे ही सॉफ्टवेअर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सहसा चालतात तिचं, नाव काढलं की घाम फुटत असेल तर मूड ऑडिओ, व्होल्युमिओ किंवा पायकोअरप्लेअर यांपैकी काहीतरी घ्या. ही सगळं आत भरलेली तयार पॅकेजं आहेत. मेमरी कार्डवर उतरवायचं, कार्ड खोचायचं, पुढचं सगळं ब्राउझरमधून. व्होल्युमिओच्या काही सोयींना पैसे पडतात, ते आधी बघून घ्या.

## फुकटचं सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तर?

रास्त शंका आहे, आणि तिचं उत्तर लिरियनच्याच इतिहासात आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये घरातल्या कॉम्प्युटरवरची गाणी स्टिरिओवर वाजवणारी एक छोटी पेटी बाजारात आणली. पुढे तिच्याच वंशातल्या पेट्या स्क्वीझबॉक्स नावाने गाजल्या. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सचं उत्पादन थांबवलं. एरवी तिथेच त्या पेट्या भंगारात गेल्या असत्या. पण त्यांना गाणी पुरवणाऱ्या सर्व्हरचा कोड ओपन सोर्स होता. वापरणाऱ्यांनीच तो सांभाळला, सुधारला, आणि आज तोच लिरियन या नावाने चालतो. कंपनीची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद झाली, तरी लोकांच्या घरातल्या त्या जुन्या पेट्या वाजतच आहेत.

उलटा प्रकारही झाला आहे. सबसॉनिक नावाच्या संगीत सर्व्हरच्या कर्त्याने २०१६ मध्ये पुढचा कोड खुला ठेवणं थांबवलं. लोकांनी तोवरचा खुला कोड घेऊन नवे फाटे काढले. नॅव्हिड्रोम तर वेगळ्या भाषेत नव्याने लिहिलेलं आहे, पण फोनशी बोलतं ते सबसॉनिकच्याच बोलीत. त्यामुळे सबसॉनिकसाठी बनलेली ॲप्स त्यालाही चालतात. सॉफ्टवेअर कधी ना कधी थकतंच. इथे फरक एवढाच की त्याच्या जागी दुसरं येतं तेव्हा गाण्यांच्या फाइलींना हातही लावावा लागत नाही.

## यंत्र, वीज आणि लोडशेडिंग

पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय हा कॉम्प्युटर यासाठी सर्रास वापरतात. नवाच हवा असं नाही. तिसऱ्या पिढीचा पाय या कामाला भरपूर झाला. एक गोष्ट मात्र बघून घ्या: तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या नेहमीच्या मॉडेलना हेडफोनचं भोक आहे, पाचव्या पिढीला आणि झिरो मालिकेला नाही. तिथे डॅक लावावा लागतो. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं स्पीकरला समजेल अशा विद्युत लहरींत रूपांतर करणारी चिप. हजारो रुपयांचे डॅक मिळतात, पण नव्या फोनला इअरफोन जोडायला जी बोटभर वायर मिळते तिच्यातही बऱ्याचदा डॅकच असतो, आणि पायच्या यूएसबीत बसेल असा अडॅप्टर लावला की बहुतेक वेळा तो चालतो. आधी तो लावून ऐका. मग वाटलं तर खर्च करा. कपाटात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही चालेल.

विजेचं म्हणाल तर पाय साधारण तीन वॅट खातो. रात्रंदिवस चालू ठेवला तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपास.

खरा शत्रू आहे अचानक जाणारी वीज. मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असतानाच लाइट गेली की कार्ड बिघडू शकतं, आणि मग पाय सुरूच होत नाही. पायकोअरप्लेअरची युक्ती इथे कामाची आहे: सुरू होताना ते स्वतःला पूर्णपणे कॉम्प्युटरच्या चालू मेमरीत (रॅममध्ये) उचलून घेतं आणि नंतर कार्डाला सहसा हात लावत नाही. त्यामुळे सरळ प्लग काढला तरी चालतं. लोडशेडिंगच्या गावात मी तेच सुचवीन. बाकी काही वापरत असाल तर निदान गाणी वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क फक्त वाचता येईल अशी जोडा.

एमपीडी स्वतः बसवणाऱ्यांना तीनच गोष्टी छळतात. गाणी तुमच्या होम फोल्डरमध्ये असतात आणि एमपीडीला तिथे वाचायची परवानगी नसते, म्हणून यादी रिकामी दिसते. बऱ्याचदा ते फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेले निरोप ऐकतं, म्हणून फोन जोडला जात नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ऐकण्याचा पत्ता बदलावा लागतो. आणि आवाजाच्या कार्डांना दिलेले नंबर मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून काल वाजणारा डॅक आज मुका होतो. नंबराऐवजी कार्डाचं नाव लिहिलं की प्रश्न मिटतो. 'वाजत नाही' म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचं दुखणं यांतलंच एक निघेल.

## गाणी आणायची कशी, आणि कुठल्या रूपात

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, डाव्या-उजव्या कानासाठी वेगळे साठवलेले असतात. गुणाकार केला तर मिनिटाला साधारण १० एमबी होतात. एमपीथ्री हा आकडा दहाव्या भागापर्यंत खाली आणतं, कारण माणसाच्या कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग ते फेकून देतं. फ्लॅक हा फाइलचा प्रकार मात्र काहीच फेकत नाही. ते फक्त घट्ट बांधतं आणि सोडल्यावर मूळ सीडीचा बिट न् बिट परत मिळतो. जागा साधारण निम्मी ते साठ टक्के लागते. म्हणजे एका सीडीला तीन-चारशे एमबी, आणि तीनशे सीडी शंभर-सव्वाशे जीबीत मावतात. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. म्हणून सीडी उतरवताना फ्लॅकच करा. नंतर गाडीसाठी एमपीथ्री हवं झालं तर फ्लॅकवरून कधीही करता येतं.

उलटं मात्र होत नाही. जुन्या एमपीथ्रीचं फ्लॅक करून देणारी सॉफ्टवेअर आहेत आणि लोक हौसेने करतातही, पण पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही. जे एमपीथ्री आहे ते एमपीथ्रीच राहू द्या.

सीडी उतरवायला लिनक्सवर व्हिपर आहे आणि विंडोजवर फ्री-एसी. ओरखडा असेल तिथे व्हिपर पुन्हा पुन्हा वाचून बघतं, आणि तीच सीडी जगात आणखी कुणी उतरवली असेल तर दोन्हींचे आकडे जुळतात का तेही तपासतं. आपल्याकडच्या लहान कंपन्यांच्या सीडी त्या नोंदींत क्वचितच सापडतात. घाबरू नका, 'जुळलं नाही' आणि 'नोंदच नाही' हे दोन वेगळे निरोप असतात.

कॅसेटीला शॉर्टकट नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात. डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरमध्ये आणि तिथे ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड. हे सुरू करण्याआधी पाच मिनिटं डेकच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, घालवा. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. ज्या डेकवर ती कॅसेट भरली गेली त्याच्या हेडचा कल आणि तुमच्या हेडचा कल जुळत नसेल तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. गाणं चालू ठेवून तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवा. एका ठिकाणी तानपुऱ्याच्या तारा एकदम उघडतात, तिथे थांबा. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो आवाज परत आणता येत नाही. एकदाच वाजेल अशा अवस्थेतली कॅसेट असेल तर अनुभवी माणसाकडे द्या, पहिला प्रयोग तिच्यावर नको.

आणि कॅसेटी आधी घ्या, सीडी नंतर. सीडीतलं बरंचसं दुसरीकडे मिळेल. आजोबांनी गणेशोत्सवातल्या मैफिलीत टेप ठेवून भरलेली कॅसेट जगात एकच आहे.

## खरं काम: टॅग

गाण्याच्या फाइलच्या आत, आवाजासोबत, काही मजकूर लिहिलेला असतो: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष, कितवं गाणं. याला टॅग म्हणतात. ज्यूकबॉक्स मुख्यतः टॅग वाचतो. फाइलला तुम्ही कितीही सुंदर नाव द्या, आत 'ट्रॅक ०१' आणि 'अननोन आर्टिस्ट' लिहिलेलं असेल तर फोनवर तेच दिसणार. दोन हजार 'अननोन आर्टिस्ट'मधून गाणं शोधायचं म्हणजे ज्यूकबॉक्स असून नसल्यासारखाच.

एक नाव घ्या. एका फाइलमध्ये 'पं. भीमसेन जोशी', दुसरीत 'पंडित भीमसेन जोशी', तिसरीत नुसतं 'भीमसेन जोशी', चौथीत तेच रोमन लिपीत. आपल्याला हा एकच माणूस, ज्यूकबॉक्सला चार गायक. त्यामुळे सुरुवात करण्याआधी कागदावर नियम ठरवा आणि मोडू नका. माझं मत: उपाध्या सगळ्या काढून टाकाव्यात. पंडित, उस्ताद, स्वरसम्राज्ञी हे मनात ठेवावं. टॅगमध्ये ते आलं की अकारविल्हे यादीत निम्मे गायक 'प'खाली जमा होतात.

लिपी देवनागरीच ठेवा. एक अडचण येते: कितीतरी गाड्यांच्या स्टिरिओवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. टॅगमध्ये गायकाच्या नावाखेरीज क्रम लावण्यासाठीचं नाव असा वेगळा रकाना असतो. तिथे रोमन नाव भरून ठेवलं तर पुढे गाडीसाठी वेगळ्या प्रती करताना ते आपोआप वापरता येतं.

चित्रपटातली गाणी लावताना हमखास होणारा घोटाळा असा: एका चित्रपटाची आठ गाणी, पाच वेगवेगळे गायक, दोन युगुलगीतं. फोनवर बघाल तर त्याच चित्रपटाचे सहा-सात अल्बम दिसतात, एकेका-दोन-दोन गाण्यांचे. कारण ज्यूकबॉक्स अल्बमचं नाव आणि गायक दोन्ही जुळले तरच एक अल्बम मानतो. उपाय म्हणजे 'अल्बम आर्टिस्ट' हा वेगळा टॅग. आठही गाण्यांत तिथे एकच नाव लिहा, मी संगीतकाराचं लिहितो, आणि तुकडे झालेला चित्रपट जोडला जातो. युगुलगीतात दोन्ही गायकांची नावं स्वल्पविराम देऊन एका रकान्यात कोंबू नका. फ्लॅकमध्ये एकच टॅग दोनदा लिहिता येतो, तसा लिहा; मग दोघांच्याही यादीत ते गाणं येतं. कवीसाठीही स्वतंत्र टॅग आहे. सगळे क्लायंट तो दाखवत नाहीत, तरी भरा. मराठी माणूस गाणं कवीच्या नावाने शोधतोच शोधतो.

जुन्या एमपीथ्रींची आणखी एक गंमत. सुरुवातीच्या टॅगमध्ये नावाला ३० अक्षरांचीच जागा होती, तीही रोमन. लांब नावं मध्येच तुटलेली सापडतात ती त्यामुळे. आणि युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची आजची पद्धत) येण्याआधी कुणी श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये नावं भरून ठेवली असतील तर आज तिथे रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. ती पुन्हा टाइप करणं सगळ्यात कमी कटकटीचं.

आता खास आपली अशी एक खोड. शोधचौकटीत 'वाऱ्या' टाइप केलं, गाणं समोर दिसतंय, तरी शोध म्हणतो सापडलं नाही. हा 'ऱ्य' कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड साधा र, मग हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य अशी रांग लावतात. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी दोन निराळे शब्द. सुऱ्या, दऱ्या, किनाऱ्यावर, कऱ्हाड सगळीकडे हेच. किड-थ्री नावाचा ओपन सोर्स टॅग-संपादक आहे. त्यात सगळ्या फाइलींत शोधून एक रूप बदलून दुसरं करता येतं. एकदा करून टाका.

शास्त्रीय संगीताला तर हे टॅग मुळी बेतलेलेच नाहीत. राग, ताल, घराणं यांना रकाना नाही. फ्लॅकमध्ये हवा तो नवा टॅग घालता येतो, पण क्लायंट तो दाखवेलच असं नाही. मी सुचवीन ती युक्ती अशी: 'जॉनर' नावाच्या टॅगमध्ये 'हिंदुस्तानी क्लासिकल' असं लिहिलेलं असतं, ज्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे रागाचं नाव लिहा. मारवा, यमन, तोडी. मग संध्याकाळी फोनवर 'जॉनर' उघडून मारवा निवडला की घरात असलेला प्रत्येक मारवा समोर येतो, कुणीही गायलेला. पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये हे इतकं नेमकं सहसा मिळत नाही. इथेही कागदावरचा नियम लागतो: मियाँ मल्हार की मियां की मल्हार, काय ते एकदा ठरवा. खाजगी बैठकींचं ध्वनिमुद्रण असेल तर तारीख, गाव, तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे 'कॉमेंट'मध्ये लिहा. ज्यांना ते आठवतं अशी माणसं घरात आहेत तोवरच लिहून घ्या.

## हे सगळं आपोआप होत नाही का?

थोडं होतं. म्युझिकब्रेन्झ हा २००० साली सुरू झालेला, लोकांनीच भरलेला संगीताचा खुला नोंदसंग्रह आहे. त्याचं पिकार्ड हे सॉफ्टवेअर गाण्याचा एक प्रकारचा ठसा काढून, फाइलला काहीही नाव असलं तरी, नोंदींमधून गाणं ओळखतं. इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत थक्क व्हायला होतं. मराठीत मात्र नोंदी विरळ आहेत. शिवाय आपल्याकडे एकच गाणं 'सदाबहार', 'अविस्मरणीय', 'सुवर्णस्मृती' अशा वीस संकलनांत असतं, आणि पिकार्ड त्यातलं भलतंच उचलतं. म्हणून सगळा फोल्डर एकदम त्याच्या तोंडी देऊ नका. एकेक अल्बम द्या, बघा, मग जतन करा. जी सीडी तिथे नाही तिची नोंद तुम्हीही करू शकता. पुढच्या माणसाचं टाइपिंग वाचतं.

टॅग भरून झालेला फोल्डर ही तुमची मेहनत आहे, गाणी एक वेळ पुन्हा मिळतील. त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि शक्य तर दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा मावशीकडे ठेवा.

## एक गाणं कुजबुजतं, दुसरं ओरडतं

जुन्या तबकडीवरून आलेलं गाणं आणि काल-परवाचं गाणं एकापाठोपाठ लागलं की आवाज कमी-जास्त करत बसावं लागतं. त्यावर रिप्लेगेन हा उपाय आहे. आरएसगेनसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं मोजतं आणि 'हे एवढं कमी करून वाजव' असा आकडा टॅगमध्ये लिहून ठेवतं. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. मैफिलीसाठी मात्र गाण्यागणिक नव्हे, अल्बमगणिक आकडा वापरा, नाहीतर संथ आलाप आणि द्रुत तराणा सारख्याच मोठ्या आवाजात येतात.

सीडीवर आलाप एका ट्रॅकमध्ये आणि बंदिश पुढच्यात असेल तर मध्ये खंड पडतो का, हेही बघा. फ्लॅकमध्ये पडत नाही, एमपीडी सलग वाजवतं. एमपीथ्रीच्या घडणीतच सुरुवातीला आणि शेवटी शांततेचा बारीक तुकडा चिकटतो, त्यामुळे तिथे कधीकधी उचकी लागते.

## हे कायद्यात बसतं का?

मी वकील नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी किंवा वैयक्तिक कारणासाठीच्या रास्त वापराला मोकळीक देतं, आणि अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचाही त्यात उल्लेख आहे. स्वतः विकत घेतलेली सीडी घरी ऐकण्यासाठी उतरवणं मला त्यात बसतं असं वाटतं. तो फोल्डर सोसायटीच्या ग्रुपवर वाटणं बसत नाही. ॲपमधल्या गाण्याचं कुलूप फोडणं ही गोष्ट वेगळी, त्यासाठी कलम '६५ अ' आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो, पण कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी जुनी आहे एवढ्यावरून सगळं मोकळं झालं असं नाही.

## परगावाहून ऐकायचं असेल तर

मुलगी बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असेल आणि तिला घरची गाणी हवी असतील तर नॅव्हिड्रोम ते करतं, आणि तिकडचं नेट हळू असेल तर वाटेतच फाइल लहान करून पाठवतं. फक्त राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून सर्व्हर सगळ्या जगाला उघडा करू नका. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, त्यामुळे ते जमतही नाही. टेलस्केलसारखी सोय घरची मशीन आणि मुलीचा फोन यांच्यामध्ये बंदिस्त बोगदा काढते. दोन्हीकडे ॲप बसवलं की झालं.

## आणि ज्यांना फोन नको, त्यांचं काय?

घरातल्या वडीलधाऱ्यांना ॲप उघडा, शोधा, दाबा हे नको असतं. त्यांच्यासाठी फोनीबॉक्स हा ओपन सोर्स प्रकल्प बघण्यासारखा आहे. तो मुळात लहान मुलांसाठी केलेला, पाय आणि एमपीडीवरच चालणारा. त्याला एक कार्ड-रीडर जोडायचा, ऑफिसच्या दारावर असतो तसा. एकेका प्लास्टिकच्या कार्डावर अल्बमचं चित्र किंवा मोठ्या अक्षरात 'सकाळचे अभंग', 'नाट्यगीतं' असं चिकटवायचं. कार्ड रीडरवर टेकवलं की तो अल्बम लागतो. पडदा नाही, पासवर्ड नाही. थांबवायला आणि आवाजाला दोन-तीन खरी बटणंही जोडता येतात, ती जाड आणि बोटाला जाणवणारी घ्या. रीडर यूएसबीचा असला तर पायला तो कीबोर्डच वाटतो, त्यामुळे जोडायला काही विशेष लागत नाही. नातवंडांनी कार्ड हरवलं तरी बिघडत नाही. कार्डात गाणी नसतात, फक्त एक नंबर असतो. नवं कार्ड त्याच फोल्डरला मिनिटभरात जोडता येतं.